डिफ लॉक लावून हायवेला? आधी हे ऐका

ज्यांना आजचा भाग कानाला लावून ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी नेहमीसारखा लिहून देतोय.

प्रश्न आलाय आपल्या सुप्यातल्याच एका टिपरवाल्या पोराचा. तो म्हणतो, "दादा, एमआयडीसीतल्या साइटवर चिखलात गाडी रुतली की मी डिफ लॉक लावतो, गाडी निघते. मग पावसात पुणे–नगर हायवेला लागल्यावर पण तो चालूच ठेवला तर? दोन्ही चाकं ओढतील, ग्रिप वाढेल ना?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र सरळ आहे: नाही वाढणार. उलट गाडी हातातून जाऊ शकते. का, ते बघू.

शाळेतलं लेझीम आठवा. अख्खी रांग वळताना आतला पोरगा जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरच्याला लांब ढांगा टाकाव्या लागतात. ट्रकच्या मागच्या चाकांचंही तसंच. बैलगाडीला ही अडचण नाही, कारण तिची चाकं कण्यावर सुटी फिरतात. ट्रकमध्ये मात्र इंजिनची ताकद दोन्ही चाकांना द्यायची आणि त्यांना वेगवेगळं फिरूही द्यायचं, अशी दुहेरी कसरत असते. ती डिफरन्शियल करतो.

पण त्याची एक खोड आहे. तो दोन्ही चाकांना जवळपास सारखाच जोर देतो. एक चाक चिखलात गरगर फिरायला लागलं की त्याला जोर लागतच नाही, म्हणून कोरड्यावरच्या चाकालाही तेवढाच थोडका मिळतो. गाडी जागेवर. लॉक लावला की दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात आणि कोरड्यावरचं चाक गाडी ओढून काढतं.

आता मुद्द्याची गोष्ट. लॉक ग्रिप तयार करत नाही. एका चाकाखाली जी ग्रिप पडून आहे, ती फक्त वापरायला देतो. हायवेवर दोन्ही चाकांखाली सारखाच ओला डांबरी रस्ता असेल, तर वापरायला जास्तीचं काही शिल्लकच नसतं. फायदा शून्य, आणि तोटे सुरू.

थोडं गणित करू. समजा मागच्या डाव्या-उजव्या चाकांत 1.8 मीटर अंतर आहे. काटकोनात वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा साधारण 2.8 मीटर जास्त चालतं. गंमत म्हणजे वळण छोटं असो की मोठं, काटकोनाला हा फरक तेवढाच. लॉक असताना हे 2.8 मीटर टायरला घासूनच भरून काढावे लागतात. छोट्या वळणावर टायर ओरडतात, स्टेअरिंग जड लागतं, ड्रायव्हर सावध होतो. हायवेच्या मोठ्या वळणावर तोच फरक लांबवर पसरतो, म्हणून काही जाणवत नाही. तिथेच फसगत होते.

सरळ रस्त्यावरही सुटका नाही. एका बाजूचे टायर घासून व्यास 1 मीटरचा 99 सेंटीमीटर झाला असेल, तर दर किलोमीटरला 10 मीटरचा फरक पडतो. तो ताण टायर आणि एक्सल शाफ्ट सोसतात.

वेगात काय होतं? बांधलेली चाकं गाडीला सरळच ढकलतात, म्हणून वळणावर पुढचा भाग बाहेर जाऊ बघतो. त्यात ओल्यावर जास्त रेस दिली तर दोन्ही चाकं एकदम सुटतात. लॉक नसता तर एक चाक फिरलं असतं, पण दुसऱ्याने गाडीचा मागचा भाग धरून ठेवला असता. शिवाय एबीएसला प्रत्येक चाक वेगळं सांभाळायचं असतं. बांधलेल्या चाकांत एकाचा ब्रेक दुसऱ्यालाही ओढतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत डंपरसाठी वेगमर्यादा 60 ची आहे. 60 म्हणजे सेकंदाला जवळपास 17 मीटर. शिफ्ट सुटल्यावर सुप्यात रस्त्याच्या कडेने किती दुचाक्या असतात, ते तुम्हाला माहितीच आहे. खडीने भरलेल्या टिपरचा मागचा भाग एक सेकंद जरी सरकला, तरी हिशेब लागत नाही.

मग लॉक वापरायचा कसा? रुतण्याची चिन्हं दिसली की आधीच, गाडी उभी असताना किंवा अगदी मुंगीच्या पावलाने चालताना लावा. चाक गरगरत असताना स्विच दाबला तर आतले दात एकमेकांवर आदळतात. दात मोडतात किंवा शाफ्ट तुटतो. मागचे दोन्ही एक्सल ओढणाऱ्या दहा चाकी टिपरला सहसा दोन लॉक असतात: एक दोन एक्सलमधला, दुसरा डाव्या-उजव्या चाकांमधला. आधी एक्सलमधला लावून बघा. त्याने भागलं नाही तरच दुसरा. लॉकमध्ये शक्यतो सरळ चाला, आणि तुमच्या गाडीच्या पुस्तकात दिलेल्या वेगाच्या वर जाऊ नका.

घट्ट जमिनीवर आलात की लगेच काढा. स्विच बंद केला म्हणजे लॉक सुटला असं नाही. आत पीळ बसलेला असतो. डॅशबोर्डवरचा दिवा विझेपर्यंत थांबा. नाहीच विझला तर रेस सोडा, हळू चालत स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडे करा, किंवा जागा बघून गाडी जरा मागे घ्या. तरीही दिवा चालू राहिला, तर हायवेला चढू नका, मेकॅनिकला बोलवा.

आणि पावसात हायवेवर ग्रिप हवी असेल तर उपाय जुनेच आहेत: नक्षी शिल्लक असलेले टायर, बरोबर हवा, मापात माल, कमी वेग आणि पुढच्या गाडीपासून लांब अंतर.

तुमच्या ओळखीत कोणी टिपर चालवत असेल तर हा भाग त्याला पाठवा, फक्त गाडी उभी असताना ऐकायला सांगा. भेटू पुढच्या भागात!