सरकते दार ओढू नका, आधी त्याची वाट झाडा

मागच्या वर्षीच्या मार्चमधली गोष्ट. आमच्या इमारतीतल्या एक मावशी दुपारी गॅलरीत कपडे वाळत घालायला गेल्या. घरात ऊन येऊ नये म्हणून त्यांनी सरकते दार मागे लोटून घेतले. कपडे घालून झाले, पण दार काही केल्या उघडेना. मुलगा आणि सून कामावर, नातू शाळेत आणि मोबाइल आत चार्जिंगला लावलेला. खाली खेळणाऱ्या मुलांना त्यांच्या हाका ऐकू आल्या, तोवर दीड तास उलटला होता. शेजारणीकडे घराची किल्ली होती म्हणून बरे झाले.

आम्ही दोघांनी आतून जोर लावून दार उघडले. पाहतो तर काय, दाराखालच्या ट्रॅकमध्ये कपड्याच्या मोडक्या चिमट्याचा तुकडा अडकलेला आणि त्याभोवती केस, धूळ व कबुतरांच्या पिसांचा लगदा साचलेला. दार बरेच दिवस जड चालत होते. घरातल्या तरुणांच्या हातात जोर होता, म्हणून ते ओढून नेत होते. मावशींच्या हातात तेवढा जोर नव्हता.

वाचकहो, चाळीतले लाकडी दार आपल्याला माहीत होते. पावसात फुगले की सुतार रंधा मारून द्यायचा. नव्या इमारतीत मात्र अॅल्युमिनियमचे सरकते दार आले आणि ते कसे सांभाळायचे हे कोणी सांगितलेच नाही.

दार चालते कसे?

दाराच्या सरकणाऱ्या भागाला कारागीर शटर म्हणतात. शटरचा सगळा भार खालच्या दोन छोट्या चाकांवर असतो. त्यांनाच बेअरिंग किंवा रोलर म्हणतात. वरची पट्टी फक्त शटर सरळ धरून ठेवते. तीन फूट रुंद, सात फूट उंच आणि 5 मि.मी. जाडीच्या नुसत्या काचेचेच वजन 24 किलोच्या आसपास भरते. एवढा भार घेऊन चाक खड्यावरून ओढले गेले की ते फिरायचे थांबते आणि घासत जाते. मग चाक एका बाजूने चपटे होते, पुढे ट्रॅकही खराब होतो. म्हणजे झाडूच्या दोन फटकाऱ्यांचे काम आपणच कारागिराचे करून ठेवतो.

महिन्यातून एकदा

आधी कोरडी सफाई करावी. जुना दात घासायचा ब्रश किंवा रंगाचा ब्रश घेऊन ट्रॅकमधली माती मोकळी करावी व उचलून घ्यावी. पहिल्यांदाच पाणी ओतले तर मातीचा चिखल होऊन तो चाकांत शिरतो. नंतर साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसून ट्रॅक कोरडा करावा. संडास साफ करायचे अॅसिड आणि कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियमला लावू नये. त्याने धातू खराब होतो व डाग कायमचे राहतात. घरात रंगकाम किंवा प्लास्टर चालू असेल तेव्हा ट्रॅक झाकून ठेवावा. चुना आणि सिमेंटही अॅल्युमिनियमला बाधतात.

दार जड झाले की अनेक घरांत खोबरेल तेल किंवा ग्रीस घालतात. चार दिवस दार पळते. नंतर त्याच तेलावर धूळ बसते आणि पहिल्यापेक्षा घट्ट लगदा होतो. त्याऐवजी स्वच्छ, कोरड्या ट्रॅकवर साधी मेणबत्ती घासावी किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा सिलिकॉनचा स्प्रे हलका मारावा.

पाण्याची भोके

खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने बारीक भोके किंवा चिरा ठेवलेल्या असतात. पावसाचे पाणी ट्रॅकमध्ये येणारच. ते बाहेर जाण्याचा हा मार्ग आहे. भोके बुजली की पाणी घरात उतरते. मग काही जण बाहेरून सिलिकॉन भरून उरलीसुरली वाटही बंद करतात. मृग लागण्याआधी या भोकांत तार फिरवावी आणि ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडते का ते पाहावे. गॅलरीच्या पाणी जाण्याच्या तोंडावरची जाळीही तेव्हाच साफ करावी.

बेअरिंग बदलायचे असेल तर

सफाई करूनही शटर जड चालत असेल किंवा एका बाजूला कलले असेल, तर आधी शटरच्या कडेला खाली छोटे भोक आहे का ते पाहावे. काही दारांत त्यामागे स्क्रू असतो. तो थोडा थोडा फिरवला की ती बाजू वरखाली होते. लॉकचा आकडा खाचेत बसत नसेल तर बहुधा शटरच खाली बसलेले असते. अशा वेळी लॉक बदलण्याआधी हा स्क्रू फिरवून पाहावा.

चाकच झिजले असेल तर शटर काढावे लागते. वरच्या पट्टीत शटर अडवणारा स्क्रू किंवा ठोकळा असेल तर तो आधी काढावा. मग आतल्या बाजूचे शटर वर उचलून त्याचा तळ आपल्याकडे ओढला की ते निघते. हे काम दोन धडधाकट माणसांनी घराच्या आत उभे राहून करावे आणि मुलांना दूर ठेवावे. जुने चाक दुकानात नेऊन त्याच मापाचे आणि त्याच खाचेचे घ्यावे. दोन्ही चाके एकदम बदलावीत, नाहीतर शटर कलते. शटर परत बसवल्यावर काढलेला स्क्रू विसरू नये. तो नसेल तर बाहेरूनही शटर उचलून काढता येते.

वरच्या मजल्यावरच्या सरकत्या खिडकीचे शटर मात्र स्वतः काढू नये. हातातून सुटले तर खालून जाणाऱ्याचा जीव जाईल. काचेला तडा गेला असेल तरीही कारागिरालाच बोलवावे. तो ‘पूर्ण दार बदला’ म्हणाला, तर आधी चाके काढून दाखवायला सांगावे.

मावशींच्या घरी आम्ही ट्रॅक साफ केला, दोन्ही चाके बदलली. आता त्या एका हाताने दार सरकवतात. तरी गॅलरीत जाताना दार वीतभर उघडे ठेवतात आणि मोबाइल बरोबर नेतात.

या रविवारी आपल्या घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाला आणि सर्वात लहान मुलाला दार उघडायला सांगा. त्यांना जड गेले, तर ब्रश घेऊन बसा.