गेटमधून गाडी मागे घेताना रस्ता कुणाचा?

सकाळी सोसायटीच्या गेटवर रोज दिसणारं दृश्य. वॉचमन शिट्टी फुंकत रस्त्यात उभा राहतो, "येऊ द्या, येऊ द्या" म्हणतो आणि कार पाठमोरी रस्त्यावर उतरते. त्याच वेळी तिथून शाळेची रिक्षा, दूधवाल्याची सायकल, फिरायला निघालेले आजोबा जात असतात. आधी जायचा हक्क कुणाचा, याबद्दल आपले समज तपासून घ्यायलाच हवेत.

गैरसमज: गाडी अर्धी बाहेर आली की बाकीच्यांनी थांबायचं.
वस्तुस्थिती: रस्त्यावर आधीपासून जो आहे, त्याचा हक्क पहिला. कुणालाही धोका किंवा अडथळा होणार नाही याची खात्री करूनच गाडी मागे घ्यावी, असं 2017 चे केंद्रीय वाहनचालन विनियम सांगतात. ही खात्री चालकानेच करायची आहे. रिव्हर्सचा आवाज इतरांना सावध करतो, पण गाडीला हक्क मिळवून देत नाही.

गैरसमज: गेटसमोर फुटपाथला उतार दिलाय, म्हणजे तिथे गाडीचा मान पहिला.
वस्तुस्थिती: उतार गाडीला फुटपाथ ओलांडता यावा एवढ्यासाठीच असतो. तिथेही चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. कंपाउंडची भिंत संपण्याआधी गाडी थांबवा, दोन्ही बाजू पाहा, मगच पुढचं.

गैरसमज: वॉचमनने हात दाखवला, आता आपली जबाबदारी संपली.
वस्तुस्थिती: वॉचमन म्हणजे आपले जादा डोळे. रहदारी अडवण्याचा वाहतूक पोलिसाचा अधिकार त्याला नाही. त्याचा अंदाज चुकला, तरी स्टिअरिंग आपल्याच हातात होतं.

गैरसमज: सेन्सर आणि कॅमेरा आहे, मान वळवायची गरज नाही.
वस्तुस्थिती: 1 जुलै 2019 पासून बनणाऱ्या नव्या कारना रिव्हर्स सेन्सर सक्तीचे आहेत. पण त्यांना गाडीमागचं जवळचंच कळतं. आडवी, वेगात येणारी सायकल त्यांना अगदी शेवटच्या क्षणी जाणवते. पावसाळ्यात कॅमेऱ्यावर चिखल बसतो. शिवाय मागे घेताना स्टिअरिंग वळवलं की गाडीचं तोंड उलट्या बाजूला फिरतं आणि नेमकं तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

गैरसमज: कंपाउंडच्या आत काही झालं तर कायदा लागू नाही.
वस्तुस्थिती: 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 नुसार, निष्काळजीपणाने कुणाचा जीव गेला तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यासाठी जागा सार्वजनिक रस्ताच असली पाहिजे, अशी अट नाही.

यावरचा उपाय रात्रीच करता येतो. घरी आल्यावर गाडी मागे घेऊन लावा, म्हणजे सकाळी ती तोंडाने बाहेर निघेल आणि रस्ता तुम्हाला वेळेत दिसेल. मागे घ्यावीच लागली, तर बसण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारा. गाडीमागे उभं असलेलं लहान मूल मागच्या काचेतून दिसत नाही. घरातली मुलं कुठे आहेत, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय रिव्हर्स टाकू नका.