आईची शिदोरी

मी कला शाखेची विद्यार्थिनी. दहावीनंतर शास्त्राच्या पुस्तकाला हात लावला नव्हता. पण मागच्या दिवाळीत वहिनीला पाचवा महिना असताना नर्सबाई धनुर्वाताची सुई टोचायला आल्या आणि आजी आडवी आली. "लेकरू पोटात, अन् सुई आईला कशापायी?" घरात कॉलेजात गेलेली मी एकटी. सगळे माझ्याकडे पाहू लागले; मला उत्तर देता आले नाही. सुट्टी संपल्यावर ग्रंथालयात बसून ते शोधले. तेच येथे मांडते.

रोगाशी लढतात त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. गर्भ तीन आठवड्यांचा होतो तेव्हा पहिल्या रक्तपेशी त्याच्या शरीराबाहेरच्या पीतक पिशवीत तयार होतात. सहाव्या आठवड्याच्या सुमारास हे काम यकृताकडे येते आणि पुढे हाडांतल्या मज्जेकडे. छातीत हृदयाच्या वर यौवनलोपी ग्रंथी असते. तिसऱ्या महिन्यापासून तेथे काही पेशींची जणू शाळा भरते. जी पेशी आपल्याच शरीरावर उलटेल, ती बहुधा तेथेच नष्ट होते.

म्हणजे जन्मताना सैन्य तयार असते, पण त्याने शत्रू पाहिलेला नसतो. तोवर उपयोगी पडते आईची शिदोरी. आईच्या रक्तातली प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात. चौथ्या महिन्यापासून थोडी आणि शेवटच्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त. म्हणूनच अपुऱ्या दिवसांच्या बाळाची शिदोरीही अपुरी राहते. जन्मानंतर ती काही महिने पुरते.

मात्र आईजवळ जे नाही, ते बाळाला कोठून मिळणार? धनुर्वाताचे तर असे आहे, की तो होऊन बरे झालेल्या माणसातही प्रतिकारशक्ती येत नाही. ती लसीनेच येते. आईला लस दिल्यामुळे आणि बाळंतपणातल्या स्वच्छतेमुळे नवजात बाळांचा धनुर्वात भारतात आटोक्यात आला; 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेने तसे मान्य केले.

पुढच्या रविवारी गावी जाऊन मी हे आजीला सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझा पहिला आठव्या दिवशी गेला. विळ्यानं नाळ कापली होती. जबडा आवळला, दूधच ओढंना." हे आम्हां कुणालाच ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी आजी स्वतः वहिनीला घेऊन आरोग्य केंद्रात गेली. चार आठवड्यांनी दुसऱ्या सुईची आठवणही तिनेच केली.