शुभ्र दातांची सणक आणि लेसरचा दिलासा

मुलीचे लग्न चार दिवसांवर आलेले. छायाचित्रांत हास्य उजळ दिसावे म्हणून आई दंतवैद्याकडून दात पांढरे करून घेते. त्याच संध्याकाळी थंड पाण्याचा घोट घेताच पुढच्या दातांतून सणक जाते. ‘दात कायमचे तर बिघडले नाहीत ना?’ ही भीती त्या वेदनेहूनही मोठी असते. बहुतेक वेळा ती निराधार ठरते.

असे का होते? दवाखान्यात दात पांढरे करण्यासाठी सामान्यतः ३५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली जेल वापरतात. दाताच्या कठीण आवरणाखालील डेंटिन या थरात अतिसूक्ष्म नलिका असतात. पेरॉक्साइड आवरण आणि हा थर पार करून काही मिनिटांतच दाताच्या गाभ्यापर्यंत पोहोचते. तेथील नसा तात्पुरत्या क्षुब्ध होतात आणि थंड, गरम किंवा नुसती हवाही सोसवत नाही. हा त्रास पहिल्या एक-दोन दिवसांत अधिक असतो व बहुधा काही दिवसांत आपोआप शमतो.

या काळात दिलासा देण्यासाठी काही दंतवैद्य सौम्य शक्तीच्या डायोड लेसरचा उपयोग करतात. त्याची शक्ती मिलिवॉटमध्ये मोजली जाते. त्यामुळे दात कापला जात नाही, की भाजतही नाही. लेसरचे टोक प्रत्येक दातावर ठराविक बिंदूंशी थोडा वेळ धरतात. इंजेक्शनची गरज नसते. मात्र रुग्ण व डॉक्टर दोघांनीही संरक्षक चष्मा लावणे आवश्यक असते. या प्रकाशामुळे नसांची वेदना वाहून नेण्याची क्रिया मंदावते व दाह कमी होतो, असे मानले जाते.

येथे एक गल्लत टाळावी. जेलची क्रिया वेगाने व्हावी म्हणून वापरला जाणारा लेसर किंवा दिवा निराळा. त्याच्या उष्णतेने दाताचा गाभा तापून त्रास उलट वाढू शकतो. म्हणून ‘लेसर’ हा शब्द ऐकताच तो कशासाठी आहे, हे अवश्य विचारावे.

सौम्य लेसर हा रामबाण उपाय मात्र नव्हे. काही चाचण्यांत वेदना कमी झाल्याचे दिसले, तर काहींत विशेष फरक आढळला नाही. पोटॅशियम नायट्रेटयुक्त टूथपेस्ट आणि फ्लोराइड हे स्वस्त उपाय आधी करून पाहता येतात. तेव्हा लेसरवर जादा खर्च करण्यापूर्वी त्याची खरोखर गरज आहे का, हे समजून घ्यावे.

खरी काळजी आधीच घ्यायची असते. कीड, तडा किंवा उघडी पडलेली मुळे यांची तपासणी प्रथम करून घ्यावी. दातांवरील कृत्रिम टोप्या आणि भरलेले सिमेंट पांढरे होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. समारंभापूर्वी निदान दोन आठवडे हातात असावेत. उपचारानंतर काही दिवस अतिथंड व आंबट पदार्थ टाळावेत. सणक आठवडाभर टिकली, एकच दात ठणकू लागला किंवा रात्री झोपमोड होऊ लागली, तर विलंब न करता दंतवैद्यांना दाखवावे.

शुभ्रता चार दिवस उशिरा आली तरी चालेल. मांडवात पाहुण्यांचे स्वागत करताना हसू मात्र निर्धास्त असावे.