कागद कुठे अडला?

मोताळ्यातल्या आमच्या घरी दोन संगणक आणि एक प्रिंटर आहे. मोठा संगणक बाहेरच्या खोलीत असतो, त्यावर मुलगी अभ्यास करते. माझा लॅपटॉप आतल्या खोलीत असतो. प्रिंटर वाय-फायने राउटरला जोडलेला आहे. तो मोठ्या संगणकावर बसवून तिथून लॅपटॉपसाठी 'शेअर' केला आहे. म्हणजे मी आतून पाठवलेला मजकूर आधी मोठ्या संगणकाकडे जातो आणि तिथून प्रिंटरकडे.

एका संध्याकाळी मी नववीच्या घटक चाचणीचा विज्ञानाचा पेपर तयार करत होते. मध्येच लाईन गेली (आमच्याकडे विजेला लाईनच म्हणतात) आणि तासाभराने आली. पेपर पूर्ण करून छपाईचा आदेश दिला. लॅपटॉपने तक्रार केली नाही, पण कागदही बाहेर आला नाही. पुन्हा आदेश दिला. मग तिसऱ्यांदा. शेवटी कंटाळून सगळे बंद केले आणि सकाळी पेनड्राइव्ह घेऊन दुकानात जायचे ठरवले.

सकाळी मी दुकानात निघाले तेव्हा पुन्हा लाईन जाऊन आली होती. तेवढ्यात मुलीने मोठा संगणक चालू केला. तिच्याकडे अभ्यासाला आलेल्या मुलींत एक आमच्या नववीतली होती. मुलीचा फोन आला, "आई, तुझा पेपर निघून राहिला!" एक नाही, तीन प्रती. त्या नववीतल्या मुलीने पेपर पाहिला की नाही, हे मी तिला विचारले नाही. चाचणी एक दिवस पुढे ढकलली आणि रात्री बसून नवा पेपर काढला.

रात्री न चालणारा प्रिंटर सकाळी कोणीही हात न लावता का चालला? आणि तिन्ही आदेश रात्रभर कुठे होते?

रांगेत थांबलेली कामे

प्रिंटर संगणकापेक्षा फार संथ असतो. प्रत्येक पान छापून होईपर्यंत संगणक अडून राहू नये म्हणून छपाईचे काम आधी डिस्कवर साठवतात. मग ते सवडीने प्रिंटरकडे पाठवले जाते. या व्यवस्थेला 'स्पूलर' म्हणतात. रेशन दुकानात आपण पिशवी रांगेत ठेवून घरी जातो, तसाच हा प्रकार.

रांग डिस्कवर असल्यामुळे संगणक बंद केला तरी ती पुसली जात नाही. माझ्या बाबतीत ही रांग लॅपटॉपवर नव्हती, मोठ्या संगणकावर होती. माझा लॅपटॉप दप्तरात होता, तरी मुलीने मोठा संगणक सुरू करताच रांग पुढे सरकली. म्हणून प्रिंटर बिघडल्याचे लक्षात आल्यावर पहिले काम दुरुस्तीचे नसून रांग रिकामी करण्याचे आहे. ज्या संगणकावरून प्रिंटर शेअर केला आहे, तिथे प्रिंटरची खिडकी उघडावी आणि थांबलेली कामे रद्द करावीत. प्रश्नपत्रिका, गुणपत्रके अशी कागदपत्रे छापणाऱ्या शिक्षकांनी तर हे विसरूच नये.

वाटेचे तुकडे करा

तीन दिवसांनी तोच बिघाड पुन्हा झाला. या वेळी आम्ही मायलेकींनी घाई केली नाही. कागदाची वाट अशी मांडली: लॅपटॉप, मोठा संगणक, राउटर, प्रिंटर. बिघाड यांपैकी कुठेही असू शकतो. प्रत्येक ठिकाण तपासत बसण्याऐवजी एकेका चाचणीने वाटेचा मोठा भाग संशयातून काढून टाकायचा.

पहिली चाचणी: प्रिंटरवरचीच बटणे दाबून त्याचे माहितीपत्रक छापले. ते छापले गेले. म्हणजे शाई, कागद आणि यंत्र ठीक होते.

दुसरी चाचणी: मोठ्या संगणकावरून एक पान पाठवले. ते आले नाही. म्हणजे लॅपटॉप आणि शेअर करण्याची व्यवस्था यांना निदान या बिघाडासाठी दोष देता येत नव्हता. अडथळा मोठा संगणक आणि प्रिंटर यांच्यामध्ये होता.

दोनच चाचण्यांत अर्ध्याहून अधिक वाट मोकळी झाली. त्या पहिल्या रात्री मी लॅपटॉपशीच झटापट करत होते, ते व्यर्थ होते.

पत्ता बदललेला भाडेकरू

नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो. घरगुती नेटवर्कमध्ये तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. हे आणि असे आणखी काही पत्ते खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेले आहेत. त्यामुळे तुमच्या आणि शेजाऱ्याच्या घरी एकच पत्ता असला तरी गोंधळ होत नाही.

हे पत्ते राउटर वाटतो, आणि ते कायमचे नसतात, ठरावीक मुदतीसाठी भाड्याने दिलेले असतात. कोणाला कोणता पत्ता दिला याची नोंद राउटरकडे असते, पण साध्या राउटरमध्ये वीज गेल्यावर ती पुसली जाऊ शकते. लाईन आल्यावर सगळी यंत्रे एकदम पत्ता मागू लागतात आणि पूर्वीचाच पत्ता मिळेल याची खात्री राहत नाही.

बदलीच्या गावी आपण दोनदा घर बदलतो, तेव्हा काय होते? पत्र जुन्याच घरी जाते. आमच्या मोठ्या संगणकाने प्रिंटरचा पत्ता १९२.१६८.१.५ असा लिहून ठेवला होता. नुकत्याच छापलेल्या माहितीपत्रकावर मात्र १९२.१६८.१.७ असा पत्ता होता!

आता ५ क्रमांकावर कोण राहत होते? ते शोधायला 'पिंग' नावाचा छोटा प्रोग्रॅम उपयोगी पडतो. माइक म्यूस या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने तो १९८३ च्या डिसेंबरमध्ये लिहिला. पाणबुडी शोधताना ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकतात, त्या आवाजावरून हे नाव ठेवले. संगणकाच्या कमांडच्या खिडकीत रोमन लिपीत पिंग लिहून पुढे पत्ता द्यायचा. त्या पत्त्यावर यंत्र असेल आणि ते उत्तर देत असेल, तर किती मिलिसेकंदांत उत्तर आले ते दिसते.

आम्ही ५ क्रमांकाला पिंग केले. उत्तर आले! मुलगी म्हणाली, "म्हणजे प्रिंटर तिथंच आहे." मी प्रिंटरचे बटण बंद केले आणि पुन्हा पिंग केले. तरीही उत्तर आले. म्हणजे उत्तर देणारा प्रिंटर नव्हताच. मग एकेक यंत्राचे वाय-फाय बंद करत गेलो. मुलीच्या वडिलांच्या मोबाइलचे वाय-फाय बंद केल्यावर उत्तर थांबले. छपाईचे काम मोबाइलच्या दारात जात होते आणि मोबाइलला त्यातले काही कळत नव्हते.

पहिल्या सकाळचाही उलगडा झाला. त्या वेळी मोबाइल घेऊन ते बाहेर गेले होते. लाईन आल्यावर ५ क्रमांक मोकळा होता आणि तो योगायोगाने प्रिंटरला मिळाला. आपोआप गेलेला बिघाड गेला असे समजू नये. कारण कळेपर्यंत तो फक्त दबा धरून असतो.

उपाय

प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क कार्डाला कारखान्यातूनच बारा चिन्हांचा एक ओळख क्रमांक मिळतो. तो प्रिंटरच्या माहितीपत्रकावर असतो. राउटरच्या मांडणीत जाऊन या क्रमांकासाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवायचा. मग मोठ्या संगणकावर प्रिंटरच्या 'पोर्ट'मध्ये तोच पत्ता लिहायचा. आम्हाला याला पंधरा मिनिटे लागली. त्यानंतर कितीदा तरी लाईन गेली, पण हा बिघाड परतला नाही.

तुमच्या घरी किंवा शाळेत मोठ्या संगणकावरून छपाई होत असेल आणि फक्त दुसऱ्या संगणकावरून होत नसेल, तर कारण वेगळे असते. या क्रमाने पाहावे: प्रिंटर शेअर करणारा संगणक झोपी गेला आहे का? दोन्ही संगणक एकाच वाय-फायवर आहेत का, की एक पाहुण्यांच्या जोडणीवर आहे? नेटवर्क 'सार्वजनिक' म्हणून नोंदले गेले आहे का? पासवर्ड बदलला आहे का? दोन्ही संगणकांवरचे विंडोज अद्ययावत आहे का? २०२१ मध्ये विंडोजच्या छपाई व्यवस्थेत सुरक्षेच्या गंभीर त्रुटी सापडल्या. त्या बुजवणाऱ्या सुधारणांनंतर अनेक ठिकाणी शेअर केलेले प्रिंटर चालेनासे झाले होते. आणि नवा राउटर घेतल्यावरच प्रिंटर जोडला जात नसेल, तर हे लक्षात घ्या: बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, ५ गिगाहर्ट्झवर नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदलले ते वहीत लिहा. तीन गोष्टी एकदम बदलून प्रिंटर चालू झाला, तर कशामुळे चालला हे कधीच कळत नाही. प्रयोगशाळेत आपण मुलांना हेच शिकवतो.

वर्गात करून पाहा

आठ मुलांना ओळीत उभे करा. पहिल्याने दुसऱ्याला कानात एक संख्या सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याला, असे शेवटपर्यंत. मधल्या एकाला आधी गुपचूप सांगून ठेवा की संख्येत १ मिळवून पुढे सांग. शेवटी संख्या चुकीची येईल. इतर मुलांनी कमीत कमी प्रश्न विचारून चूक करणारा शोधायचा. सुरुवातीपासून विचारत गेल्यास सात प्रश्नही लागू शकतात. मधल्याला, म्हणजे चौथ्याला, 'तू कोणती संख्या सांगितलीस?' असे आधी विचारले आणि दर वेळी उरलेल्यांचे दोन भाग केले, तर तीन पुरतात. का, ते मुलांनाच शोधू द्या. सोळा मुले असतील तर किती प्रश्न लागतील, हेही विचारा.

माझ्या वर्गात हा खेळ घेतला, तेव्हा चूक शोधून काढणाऱ्यांत ती नववीतली मुलगी होती. नव्या पेपरातही तिला चांगले गुण होते.