पडद्यावरचा प्याला आणि दारातला प्याला

मैत्रिणींनो, 'स्टार ट्रेक' ही अंतराळयानाची अमेरिकन मालिका तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. ऐंशीच्या दशकात ती आपल्या दूरदर्शनवरही लागायची. मूळ मालिका १९६६ ची. पुढे तिचे कितीतरी नवे अवतार निघाले. १९८७ साली आलेल्या अवतारात लेखकांनी एक गंमत केली. चोविसाव्या शतकातल्या यानावर 'सिंथेहॉल' नावाचं पेय दाखवलं. चव दारूची, पण नशा मनात आलं की झटकून टाकता येते! म्हणजे प्यालाही हातात आणि संसारही शाबूत.

किती सोयीचं, नाही का? पण असं पेय अजून गोष्टीतच आहे. खऱ्या दारूची नशा झटकता येत नाही, हे आपल्या राम गणेश गडकऱ्यांनी 'एकच प्याला'मध्ये दाखवून ठेवलंय. १९१९ च्या जानेवारीत गडकरी गेले आणि त्याच वर्षी हे नाटक रंगभूमीवर आलं. सिंधूच्या भूमिकेत होते बालगंधर्व. सुधाकर चांगला शिकलेला वकील. अपमान विसरायला तो पहिला प्याला घेतो. मग वकिली जाते, घर जातं आणि सिंधूवर लोकांचं दळण दळायची वेळ येते. पिणारा एक, पण जात्यावर बसली ती बायको!

शंभर वर्षं उलटली. आज लातूर-नांदेडच्या वस्त्यांत जातं नाही, पण चार घरची धुणीभांडी करणारी सिंधू आहेच. मालिकेतला नायक पुढच्या प्रसंगात ताजातवाना दिसतो. हिचा नवरा रोजगार बुडवून पडलेला असतो.

सिंधूकडे नसलेलं एक हत्यार मात्र आपल्याकडे आहे, ते म्हणजे मत. राज्य सरकारच्या २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली, की परवाना असलेल्या दारू दुकानासाठी गुप्त मतदान घेता येतं. उभी बाटली की आडवी बाटली? आडवीला यादीतल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात, नुसत्या झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हेत. म्हणून जी बाई त्या दिवशी शेतात किंवा माहेरी गेली, तिचं न पडलेलं मत उभ्या बाटलीच्याच कामी येतं.

तेव्हा बायांनो, नुसत्या सह्या करून थांबू नका. शेजारणीला हाताला धरून मतदानाला घेऊन जा.