भेगांतून चढणारे ऊन पाणी आणि खताचा ढीग

अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहिली असता काळ्या बेसाल्टचे उभे खांब एकमेकांस चिकटून राहिल्याचे दिसते. सुमारे ६१ मीटर उंचीचा हा सुळका सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या तप्त शिलारसापासून बनला. रस निवताना आकसला आणि खडकास उभ्या भेगा पडल्या. घट्ट बेसाल्टातून पाणी सहसा झिरपत नाही; त्याचा मार्ग म्हणजे अशा भेगाच होत. विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यास ही गोष्ट पुस्तकावाचून ठाऊक असते.

मुलुंड-घाटकोपरकडे येणाऱ्या तानसाच्या नळांतील पाणी ज्या नदीचे, तिच्याच काठी, धरणाच्या खालच्या अंगास, भिवंडी तालुक्यात अकलोली, वज्रेश्वरी व गणेशपुरी येथे ऊन पाण्याची कुंडे आहेत. कोकणात असे झरे थेट राजापुरापर्यंत आढळतात. खेडजवळील उन्हवऱ्याचे पाणी तर ७० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पाणी ऊन म्हणजे खाली ज्वालामुखी असावा, ही समजूत मात्र बरोबर नाही. हे पाणी मुख्यतः पावसाचेच होय. ते भेगांतून खोल उतरते. जमिनीत दर किलोमीटरास साधारणतः २५ ते ३० अंश उष्णता वाढत जाते, त्यामुळे खोलवर पोचलेले पाणी आपोआप तापते.

ते वर का येते? २५ अंशांवरील एक लिटर पाण्याचे वजन सुमारे ९९७ ग्रॅम भरते, तर ६० अंशांवर ते सुमारे ९८३ ग्रॅम होते. हा १४ ग्रॅमांचा फरक क्षुल्लक वाटेल. परंतु एक किलोमीटर उंचीचे असे दोन स्तंभ शेजारी उभे असतील, तर थंड पाण्याचा दाब गरम पाण्याहून सुमारे १४ मीटर पाण्याच्या उंचीएवढा अधिक असतो व तो गरम पाण्यास वर रेटतो. सह्याद्रीकडील उंचावरच्या पाण्याचा दाबही यास साहाय्यभूत होतो. शिवाय ६० अंशांवर पाण्याचा चिकटपणा निम्म्यावर आलेला असतो. भेग दुप्पट रुंद असेल, तर तेवढ्याच दाबाने आठपट पाणी वाहते. फारच अरुंद असेल, तर पाणी वर पोचण्यापूर्वीच उष्णता खडकात मुरून जाते. सच्छिद्र थरात असे अभिसरण केव्हा सुरू होते, याचे गणित हॉर्टन व रॉजर्स यांनी १९४५ मध्ये आणि लॅपवुड यांनी १९४८ मध्ये मांडले.

या झऱ्यांच्या पाण्यात सोडियम व क्लोराइड यांचे क्षार बरेच असतात. भाताची कोवळी रोपे क्षारांस लवकर बळी पडतात. म्हणून झऱ्याजवळील विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी तपासून घेतल्यावाचून रोपवाटिकेस देऊ नये.

हाच नियम पाण्याऐवजी हवेस लागू करून पाहावयाचा असेल, तर खताचा ढीग पाहावा. जंतूंच्या क्रियेमुळे ढीग आतून ५५ ते ६० अंशांपर्यंत तापतो, गरम हवा माथ्यातून निघून जाते आणि बाजूंनी ताजी हवा आत ओढली जाते. या उष्णतेनेच तणांचे पुष्कळसे बी मरते. कोकणात खरी अडचण येते ती पावसाळ्यात. भाताचा पेंढा भिजून चपटा बसतो, छिद्रे पाण्याने भरतात, हवा थांबते, ढीग थंड पडून घाण सुटते. आणि मग त्या खताबरोबर तणही शेतात पोचते. हॉवर्ड यांनी इंदूर येथे बसविलेल्या पद्धतीत ढीग वरखाली करण्यावर भर होता, तो उगीच नव्हे.

यासाठी तळाशी जाड काटक्यांचा थर द्यावा, पेंढ्यात तुऱ्हाट्या मिसळाव्यात, उंची दीड मीटरच्या आत ठेवावी आणि वर झापांचे छप्पर करावे. आतील मूठभर खत दाबून पाहावे. बोटांतून पाणी ओघळले, तर ढीग त्याच दिवशी उकलून, कोरडा पालापाचोळा मिसळून पुन्हा रचावा.